न झिजणाऱ्या यंत्राची दुरुस्ती

जालन्याच्या मोंढ्यात ठिबक सिंचनाचे साहित्य विकणारे माझ्या परिचयाचे एक दुकानदार आहेत. मध्यंतरी ते तक्रारीच्या सुरात म्हणाले, "सर, बिलं करायचं सॉफ्टवेअर मी रोख पैसे मोजून घेतलं. त्याला ना चाक, ना पट्टा. झिजतं काय त्यात? मग दरसाल दुरुस्तीचे पैसे कशाला?"

प्रश्न बिनतोड वाटतो खरा. मोटारीचे बेअरिंग झिजते; सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाला लिहून दिलेल्या सूचना, त्या दहा वर्षांनीही जशाच्या तशा राहतात. पण अडचण तीच आहे! सूचना जागच्या जागी राहतात आणि जग पुढे सरकते.

त्यांच्याच दुकानाचे पाहा ना. १ जुलै २०१७ ला व्हॅट जाऊन जीएसटी आला. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून ठिबक संचावरील कर १२ टक्क्यांवरून ५ वर आला. आता १२ खोडून ५ लिहिले की झाले, असे आपल्याला वाटेल. तसे केले तर घोटाळा होतो. ऑगस्टमध्ये विकलेला संच गिऱ्हाइकाने ऑक्टोबरात परत आणला, तर क्रेडिट नोट जुन्या १२ टक्क्यांनीच करावी लागते. म्हणजे दराबरोबर तो कोणत्या तारखेपासून, हेही सूचनांत हवे. ज्याने मुळातच तारखांसह दरांचा वेगळा तक्ता ठेवला, त्याचे काम घटकाभरात उरकते. ज्याने ठिकठिकाणी आकडाच कोरून ठेवला, त्याला रात्र जागावी लागते. आणि तरीही एखादी जागा सुटतेच.

कर राहू द्या, आपला जिल्हा तरी कुठे जुना आहे? तो १ मे १९८१ चा. अंबड, भोकरदन औरंगाबादकडून आले, परतूर परभणीकडून. १९७५ साली परतुरात जन्मलेल्या माणसाच्या जुन्या दाखल्यावर जिल्हा परभणी, नव्या कागदावर जालना. दोन्ही खरे! शिवाय २०२३ मध्ये औरंगाबादचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. कारकून हे हसून समजून घेईल. नुसती नावे जुळवणारा संगणक मात्र अर्ज परत पाठवील.

वापरातला प्रोग्राम बदलत राहिला नाही तर हळूहळू कुचकामी होतो, हे इंग्लंडात मेयर लेहमन यांनी १९७४ सालीच मांडले होते.

अर्थात दुरुस्तीच्या नावाखाली मागितलेला प्रत्येक रुपया रास्त, असे मी म्हणणार नाही. पडद्यावरची बटणे इकडची तिकडे करून 'नवी आवृत्ती' म्हणणारेही आहेत. म्हणून मी त्या दुकानदारांना सुचवले, "यंदा काय बदललं, ते विचारा. आणि ऑगस्टचा एक माल परत घेऊन दाखवायला सांगा."

त्यांनी तसे केले. क्रेडिट नोट ५ टक्क्यांनी निघाली. दुरुस्तीवाला त्या रात्री नऊपर्यंत दुकानात बसून होता.