बायबलांतील ‘विश्वास’



मास्तरकीच्या दिवसांत एका मुलानें मला विचारलें होतें, “गुरुजी, शंका आली म्हणजे विश्वास गेला, असेंच ना?” मी ‘होय’ म्हणून मोकळा झालों. तें उत्तर चुकलें होतें, हें आज सांगावयाचें आहे.

बायबलाच्या जुन्या करारांत विश्वासाच्या अर्थीं ‘एमूना’ हा हिब्रू शब्द येतो. त्याच्या मूळ धातूंत अढळपणाचा भाव आहे. ‘आमेन’ हा शब्दही त्याच धातूचा. निर्गमाच्या १७ व्या अध्यायांत अमालेकांशीं लढाई चालली असतां मोशे टेकडीवर हात उंचावून उभा आहे. हात खालीं आले कीं इस्राएलांची पिछेहाट होते. तो थकला, तेव्हां त्याला धोंड्यावर बसवून अहरोन व हूर यांनीं दोहों बाजूंनीं त्याचे हात सांवरून धरले. ते सूर्यास्तापर्यंत स्थिर राहिले. आणि त्या स्थिरतेला मूळांत शब्द आहे ‘एमूना’!

तेव्हां विश्वास म्हणजे निव्वळ मताचा होकार नव्हे. तें टिकून राहणें आहे, आणि थकल्यावर दुसऱ्याचा आधार घेण्यांत कमीपणा नाहीं. नव्या करारांत मार्काच्या ९ व्या अध्यायांतील आजारी मुलाचा बाप आपला विश्वास व अविश्वास दोन्ही येशूपाशीं कबूल करतो. येशू त्याला परत धाडीत नाहीं; मुलगा बरा होतो.

त्या विद्यार्थ्याला आज मी म्हणेन: बाळ, शंका येईल. हात जड होतील. तेव्हां कुणाला तरी हांक मार; पण हात खालीं जाऊं देऊं नकोस.