जसं गाणं, तसं वाद्य

आज एक साधा प्रश्न.
अभंगाला पखवाज का?
आणि लावणीला ढोलकीच का?

आधी पखवाज बघू.
त्याच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापतात.
कणकेच्या वजनानं आवाज खाली उतरतो.
तो खोल आणि गंभीर होतो.
अभंगाच्या संथ लयीला तोच शोभतो.
वाजवून झालं, की कणीक काढून टाकतात.

आता ढोलकी.
तिची उजवी पुडी चढ्या स्वरात लावतात.
म्हणून थाप खणखणीत उठते.
डाव्या पुडीला आतून मसाला लावलेला असतो.
त्यातून घुमारा निघतो.
लावणीतल्या घुंगरांच्या गर्दीतही तिचे बोल स्पष्ट ऐकू येतात.

आणि मिरवणुकीतला ताशा?
धातूचं भांडं, वर ताणलेलं पान,
हातात बारीक काड्या.
त्याचा तडतडाट गर्दी कापत जातो.
तिथे पखवाज कोणाला ऐकू जाणार?

म्हणजे काय?
जसं गाणं, तसं वाद्य.

पण मंडळी, एक लक्षात ठेवा.
कितीतरी गावांत भजनाला ढोलकीच असते,
आणि भजन रंगतंही.
कारण वादक हात हलका ठेवतो.
गायकाचे शब्द झाकत नाही.

तेव्हा वाद्य घेण्याआधी ठरवा,
आपण वाजवणार काय?
मग दुकानात जा.
वाजवून बघा, कान देऊन ऐका.
जसं गाणं, तसं वाद्य.
आणि दोन्हींच्या आधी, रियाज!