संप आणि विटाळ



मुंबईचा लढा म्हटला की गिरण्या आल्याच. पण त्याच गिरण्यांत विणकाम खात्यात आपल्या माणसाला मज्जाव होता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, त्याचा म्हणे विटाळ! पगार मात्र तिथंच जास्त. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना हाच जाब विचारला. तरीही संपाच्या हक्कावर घाला घालणारं विधेयक आलं, तेव्हा ७ नोव्हेंबर १९३८ रोजी ते कम्युनिस्टांच्या बरोबरीने संपात उतरले. एकजूट केली, पण विटाळाचा प्रश्न गिळला नाही. १९७४ च्या जानेवारीत पँथरच्या मोर्चात भागवत जाधव शहीद झाले, ते याच वाटेवर. आज भोंगे थांबले, विटाळ थांबला का? पोरांनो, युनियनमध्ये जा, पण हा सवाल घेऊन जा.

जयभीम! नमो बुद्धाय!