शाळेची सुरक्षितता आणि पालकांचा हक्क



सकाळी मूल रिक्षात बसून शाळेकडे गेले की घरातील मंडळी निर्धास्त होतात. गुरुजींच्या स्वाधीन केलेल्या मुलाविषयी पुन्हा काही विचारणे म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखविणे, अशी आपल्याकडील जुनी समजूत आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बदलापूर येथे जे घडले, त्यानंतर ही समजूत परभणीसारख्या दूरच्या जिल्ह्यानेही तपासून पाहणे अगत्याचे आहे.

तेथील एका खाजगी शाळेत शिशुवर्गातील दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला. आरोपी हा त्याच महिन्यात कंत्राटी पद्धतीने कामावर आलेला सफाई कामगार होता. फिर्याद नोंदवून घेण्यासाठी पालकांना पोलीस ठाण्यात सुमारे १२ तास ताटकळत बसावे लागले. २० ऑगस्टला संतप्त पालक व नागरिक रेल्वेच्या रुळांवर उतरले. त्या दिवशीच्या दगडफेकीचे समर्थन कोणीही सुज्ञ करणार नाही. तथापि दुसऱ्याच दिवशी शासन निर्णय निघाला आणि २२ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रकरणाची दखल घेतली, हेही विसरता येत नाही.

त्या शासन निर्णयाने एका महिन्यात शाळेत सीसीटीव्ही कॅमेरे बसविणे, मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीन वेळा त्यांचे चित्रण तपासणे, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घेणे आणि अनुचित प्रकार घडल्यास २४ तासांच्या आत शिक्षणाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक केले. मात्र सुरक्षेचे सारेच नियम त्या दिवशी जन्मले असे नव्हे. तक्रारपेटीचा आदेश २०१७ चा आणि सखी सावित्री समितीचा २०२२ चा. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार तर आपल्या हाताखालील व्यक्तीचा असा गुन्हा दडविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नियम पुष्कळ होते, त्यांचा हिशेब मागणारे कोणी नव्हते.

व्यापारी माणूस गल्ल्यावर कॅमेरा बसवितो तो शोभेसाठी नव्हे. रात्री दुकान वाढविण्यापूर्वी तो एकदा पाहून घेतो आणि वीज गेली तर इन्व्हर्टरचीही सोय ठेवतो. शाळेचा कॅमेरा मात्र एकदा बसविला की फलकावरील सुविचारासारखा होतो. तो आहे एवढेच सर्वांना ठाऊक असते. नवीन नोकर ठेवताना चार ठिकाणी चौकशी करणारे गृहस्थ, शाळेच्या वाहनाचा चालक कोण आणि तो कोठला, हे विचारीत नाहीत.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला कुंपण अथवा संरक्षक भिंत आणि मुला-मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आवश्यक ठरविली. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात असे सांगितले. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शेतमजूर मातेच्या हाती हा केवढा मोठा अधिकार आहे! परंतु सभेची वेळ तिच्या कामाच्या वेळेतच ठेवली, तर तिचा अंगठा तेवढा रजिस्टरवर उमटतो, तिचे म्हणणे नाही. विनाअनुदानित शाळांना तर या समितीची सक्तीच नाही. म्हणजे जेथे पालक अधिक शुल्क भरतो, तेथे त्याचा आवाज कायद्याने क्षीण आहे.

शिवाय विचारणाऱ्याच्या मनातील भीतीही खोटी नाही. जुलै २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील पूर्णा तालुक्यात, एका खाजगी निवासी शाळेत मुलीचा दाखला मागण्यास गेलेल्या पालकाचा मारहाणीनंतर मृत्यू झाला व संस्थाचालकांवर गुन्हा दाखल झाला. अशा वेळी एकट्या पालकाला ‘तुम्ही धीट व्हा’ असा उपदेश करणे सोपे आहे. दहा पालक मिळून गेले, तर त्यांना दारातून परतविणे कठीण जाते. जेथे धर्मादाय संस्था शाळा चालवितात, तेथील विश्वस्तांनी तर बोलावण्याची वाट न पाहता पालकांना स्वतः पाचारण करावे.

जूनच्या मध्यास शाळा उघडतील. पहिल्या पालकसभेत गणवेश, वह्या आणि शुल्क यांची चर्चा नेहमीप्रमाणे होईलच. त्याच सभेत शिपाई, सफाई कामगार व वाहनचालक यांच्या पोलीस पडताळणीची फाईल टेबलावर मागावी, तक्रारपेटीची किल्ली कोणाकडे असते ते विचारावे, आणि शिशुवर्गाच्या मुलींना स्वच्छतागृहाकडे कोणत्या बाई नेतात, त्यांचे नाव विचारून घ्यावे.