शेवटच्या घरापर्यंत

टेलिफोनच्या जाळ्यात महाग पडतो तो शेवटचा तुकडा. खांब रोवा, चर खणा आणि वाडीवरच्या चार घरांसाठी तार ओढा. हिशेब जुळत नाही. म्हणूनच १९९०च्या दशकात मद्रासच्या आयआयटीत प्रा. अशोक झुनझुनवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कॉरडेक्ट’ ही बिनतारी यंत्रणा घडवली. घरावर छोटा अँटेना, खाली नेहमीचा फोन. मध्ये आडोसा नसेल तर १० किलोमीटरपर्यंत संपर्क होई. बोलणे चालू असतानाच सेकंदाला ३५ किलोबिट वेगाने इंटरनेटही मिळे. २०२३ साली एअरटेल आणि जिओ यांनी ‘एअरफायबर’ आणले. कल्पना तीच, वेग शेकडो पटींनी वाढलेला.

पण अँटेना आणि टॉवर यांची नजरानजर व्हावी लागते. मध्ये डोंगर किंवा दाट आमराई आली की लहर थकते. वीज गेली की घरातला खोका मुका होतो. टॉवरची क्षमताही सगळ्यांत वाटली जाते. संध्याकाळी घरोघरी पडदे उजळले की वेग उतरतो.

आज सातबारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, सारे ऑनलाइन आहे. डोंगराआडच्या मुलीला ‘रेंज नाही’ एवढे उत्तर पुरत नाही. अशा जागांसाठीच २००२ पासून कंपन्यांच्या उत्पन्नातून सार्वत्रिक सेवेचा निधी जमतो. आता तो ‘डिजिटल भारत निधी’ झाला आहे. तेव्हा टॉवरची जागा केवळ गिऱ्हाइके मोजून ठरू नये. मुशायऱ्यात मागच्या रांगेपर्यंत शेर पोचला नाही, तर आपण ऐकणाऱ्याच्या कानांना दोष देत नाही.