कॉफी भेट देताना

कॉफीच्या शौकिनाला एकाच प्रदेशातली, गडद भाजलेली कॉफी भेट द्यायची असेल, तर पुड्यावरच्या चित्राकडे नको, मजकुराकडे बघा; त्यात प्रदेशाचं नाव हवं. चिकमगळूर, कूर्ग, बाबाबुदनगिरी आणि अराकू खोऱ्यातल्या अरेबिकाला, तसंच वायनाडच्या रोबस्टाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

पण बी जितकी जास्त भाजावी, तितकी मातीची आणि उंचीची चव मागे पडते. भाजणीचा कडवट खमंगपणा पुढे येतो. तेलानं चकचकणारी काळीकुट्ट बी अराकूची की ब्राझीलची, हे भल्याभल्यांना ओळखता येत नाही. म्हणून महागड्या मळ्याची कॉफी मध्यम-गडदच घ्यावी, असं माझं मत. अगदी गडदच हवी, तर मॉन्सून्ड मलबार बघा. कर्नाटक-केरळच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात कच्च्या बिया हवेशीर गोदामांत पसरून दमट वाऱ्यावर ठेवतात. त्या फुगतात, पिवळट होतात, आंबटपणा उतरतो. गडद भाजणी या कॉफीला मानवते.

भाजल्याची तारीख छापलेली हवी, शक्यतो महिन्याभरातली. पुड्यावर चिकोरीचं प्रमाण दिलेलं असेल, तर ती निव्वळ कॉफी नव्हे. रोजच्या फिल्टर कॉफीला चिकोरी झकास, या भेटीला नको. घेणाऱ्याकडे दळायचं यंत्र नसेल, तर तो कॉफी कशात करतो हे आडून विचारा आणि दुकानातच दळून घ्या: दाक्षिणात्य फिल्टरसाठी बारीक, फ्रेंच प्रेससाठी जाडसर. दळलेली कॉफी लवकर उतरते, तेव्हा पाव किलो पुरे.