कोण जिंकणार, हे कुणी सांगावं?

हातातलं काम हातात राहू द्या. भाकरी थापत असाल तर थापत राहा, शेंगा फोडत असाल तर फोडत राहा. कान तेवढे आमच्याकडे द्या.

जत्रेतली कुस्ती असो, शाळेची कबड्डी असो, नाहीतर पंचायतीची निवडणूक. आपल्याकडे पहिला प्रश्न एकच असतो. कोण जिंकणार? पारावर बसलेल्याला उत्तर ठाऊक असतं, नळावर घागर भरणारीलाही ठाऊक असतं. आज आम्ही तुम्हाला असंच अंदाज बांधणारं एक गाव दाखवणार आहोत. ते आहे अमेरिकेत, टेक्सास राज्यात. तिथे शाळेतल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांच्या सामन्यावर सगळं गाव जीव टाकतं.

आधी खेळ समजून घेऊ. अमेरिकेत फुटबॉल म्हणतात तो आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि तो हातात धरून पळायचं असतं. एका बाजूला अकरा गडी. दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. तेवढ्यात जमलं नाही तर चेंडू समोरच्यांना. पलीकडच्या टोकापर्यंत चेंडू नेला की सहा गुण. वाटेत समोरचे गडी अंगावर येऊन पाडतात. आपल्या कबड्डीतला चढाईवाला आठवा, म्हणजे थोडी कल्पना येईल. फक्त इथे डोक्याला शिरस्त्राण, खांद्याला जाड गाद्या, आणि धडक अशी की हाडं मोडतात.

सामने शुक्रवारी संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात होतात. उन्हाळा सरता सरता हंगाम सुरू होतो. आधी आसपासच्या शाळांशी सामने होतात आणि त्यातून वर आलेले संघ बाद फेरीत जातात. बाद फेरी म्हणजे हरला तो घरी. दुसरी संधी नाही. आमची आजची गोष्ट १९८८ सालची आहे. तेव्हा तिथल्या मोठ्या शाळांच्या वर्गात राज्याचा विजेता व्हायला बाद फेरीतले ओळीनं सहा सामने जिंकावे लागत.

आता अंदाज कसा बांधतात ते बघू. टेक्सासमध्ये १९६० पासून फुटबॉलचं एक मासिक निघतं. दर उन्हाळ्यात त्यात राज्यभरातल्या शाळांचे अंदाज छापून येतात, आणि लोक ते पोथीसारखं जपतात. आता तर संगणकही हिशेब मांडतात. पण जाणती माणसं काय बघतात? पहिलं म्हणजे, गेल्या वर्षीचे किती गडी यंदा संघात आहेत. शाळेचा संघ दरवर्षी निम्मा नवा असतो, कारण बारावीची मुलं निघून जातात. त्यामुळे गेल्या वर्षीचा विजेता यंदाही जिंकेल असं नसतं. दुसरं, संघ जिंकला तो कुणाशी? समजा दोन संघांनी दहापैकी नऊ सामने जिंकलेत. एकानं दुबळ्यांना लोळवलंय, दुसऱ्यानं तगड्यांशी झुंज दिलीय. तर दोघांचे नऊ विजय सारखे नाहीत. तिसरं, किती गुणांच्या फरकानं जिंकला. चौथं, सामना कुठे आहे. टेक्सास आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठं आहे, त्यामुळे शेकडो मैलांचा प्रवास करून खेळावं लागतं. मग पाऊस आहे का, चेंडू निसटेल का. आणि शेवटी, कुणाचा पाय दुखावलाय.

एवढं सगळं मोजलं तरी काय हाती लागतं? समजा एखादा संघ इतका चांगला आहे की चारपैकी तीन वेळा जिंकेल. ऐकायला पक्कं वाटतं. पण त्याचाच अर्थ असा की चारात एकदा तो हरेल. आणि असे सहा सामने लागोपाठ जिंकायचे असतील, तर हिशेब करून बघा, शंभरात अठराच्या आसपासच शक्यता उरते. म्हणजे चांगल्यातला चांगला संघसुद्धा बहुतेक वेळा मधेच कुठेतरी बाद होणार. हे गणित गावाला कुणी सांगत नाही. सांगितलं तरी गाव ऐकत नाही.

आमच्या गोष्टीतलं गाव म्हणजे ओडेसा. पश्चिम टेक्सासमधलं, खनिज तेलावर जगणारं शहर. १९८० च्या दशकात तेलाचे भाव पडले, कामं गेली, दुकानं बंद झाली. गावाला मिरवायला एक गोष्ट उरली होती, पर्मियन नावाच्या शाळेचा फुटबॉल संघ. १९६५, १९७२, १९८० आणि १९८४ साली या शाळेनं राज्याचं विजेतेपद मिळवलं होतं. चौथ्या वेळी ते दुसऱ्या संघाबरोबर वाटून घ्यावं लागलं, एवढंच. शाळेच्या सामन्यांसाठी बांधलेल्या मैदानात वीस हजारांच्या आसपास माणसं बसत.

१९८८ साली बझ बिसिंजर नावाचे पत्रकार वर्षभर बायकोमुलांसह ओडेसात राहायला गेले. त्यांनी जे पाहिलं ते १९९० साली ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ या पुस्तकात लिहिलं. पुढे त्यावर सिनेमाही निघाला. त्या पुस्तकातली एक गोष्ट आम्हाला फार लागली. शाळेतल्या मुलींचा एक गट होता. एकेका मुलीला एकेक खेळाडू वाटून दिलेला. तिनं दर आठवड्याला त्याच्यासाठी केक, गोडधोड करायचं, त्याच्या नावाची पाटी रंगवून त्याच्या अंगणात लावायची. पोरगा खेळणार, पोरगी भाजणार. समुद्रापलीकडेही चूल कुणाच्या वाट्याला येते ते बघा! आणि त्याच शाळेत खेळाडूंच्या पट्ट्या-मलमांवर जेवढा खर्च झाला, तेवढासुद्धा इंग्रजी विषयाच्या शिकवण्याच्या साहित्यावर झाला नाही.

त्या वर्षी गावाचा अंदाज ठरलेला होता. पर्मियन राज्याच्या विजेतेपदापर्यंत जाणार. त्या अंदाजाचा मोठा भार एका मुलाच्या पायांवर होता. त्याचं नाव बूबी माइल्स. चेंडू घेऊन पळणारा गडी. आधीच्या वर्षी त्यानं तेराशेच्या वर यार्ड चेंडू पळवला होता. मोठमोठ्या विद्यापीठांची बोलावणी करणारी पत्रं त्याच्या घरी येत होती. काकानं वाढवलेलं हे पोर. अभ्यासात मागे होतं, पण त्याची कुणी फार काळजी केली नाही. पळतोय ना, मग झालं.

हंगाम सुरू व्हायच्या आधीच एका सराव सामन्यात त्याचा बूट कृत्रिम गवतात अडकला आणि गुडघा मुरगळला. ज्या सामन्याचे गुणसुद्धा धरत नाहीत, त्या सामन्यात! शस्त्रक्रिया झाली, पण तो पूर्वीसारखा पळू शकला नाही. त्याच्या जागी दुसरा मुलगा आला आणि छान पळाला. मग काय, गावानं बूबीचं नाव घेणंच सोडलं. तो कृष्णवर्णीय होता. काल डोक्यावर घेणाऱ्यांच्याच तोंडी त्याच्या रंगावरून हिणवणारे शब्द आल्याचं लेखकानं लिहून ठेवलंय. तो हंगामाच्या मध्यातच संघ सोडून गेला. काका तेवढा त्याच्या पाठीशी राहिला.

तिकडे संघ पुढे चालला होता. मग मिडलँड ली नावाच्या शाळेशी सामना झाला आणि पर्मियन हरला. किती गुणांनी? बावीस विरुद्ध एकवीस. एका गुणानं. त्या रात्री प्रशिक्षक घरी गेले तर त्यांच्या अंगणात ‘घर विकणे आहे’ अशा पाट्या ठोकलेल्या. म्हणजे, गाव सोडा. एका गुणासाठी! तो गुण त्यांना मिळाला असता तर त्याच माणसांनी त्यांना खांद्यावर घेतलं असतं.

त्या हारीमुळे घोळ झाला. तीन शाळांचे विजय सारखे झाले आणि बाद फेरीत जागा होत्या दोन. मग कसं ठरवलं असेल? इतकी वर्षं मोजलेल्या यार्डांवरून? गुणांवरून? नाही. तीन शाळांचे प्रशिक्षक मध्यरात्रीनंतर ट्रकवाल्यांच्या एका थांब्यावर जमले आणि तिघांनी नाणी उडवली. ज्याचं नाणं दोघांपेक्षा वेगळं पडेल तो बाहेर. तिकडे मुलं आणि आईबाप टीव्हीपुढे श्वास रोखून बसलेले. मिडलँड हायस्कूलचं नाणं वेगळं पडलं. त्या मुलांनीही तेवढाच घाम गाळला होता. त्यांचा हंगाम नाण्यावर संपला. पर्मियन पुढे गेला.

पुढे गेला आणि बाद फेरीतले चार सामने जिंकला. गावाला वाटलं, आपला अंदाज खराच होणार. पाचवा सामना म्हणजे उपांत्य फेरी, डिसेंबर महिना, ऑस्टिन शहराचं मोठं मैदान, वर पाऊस. समोर डॅलसची कार्टर शाळा. पर्मियन हरला, नऊ विरुद्ध चौदा. पोरं मैदानावर रडली. त्यातल्या बऱ्याच जणांच्या आयुष्यातला तो शेवटचा सामना होता.

गोष्ट इथे संपत नाही. कार्टरनं अंतिम सामनाही जिंकला. मग त्यांचं तरी भाकीत खरं ठरलं म्हणावं? टेक्सासमध्ये १९८४ पासून एक कायदा आहे. विषयात सत्तर गुण नाहीत, तर मैदानात पाय ठेवायचा नाही. कार्टरच्या एका खेळाडूच्या बीजगणिताच्या गुणांवरून वाद पेटला होता. प्रकरण कोर्टात गेलं, बाद फेरी चालू असताना सुनावण्या झाल्या. आणि सामने संपून बरेच महिने गेल्यावर कार्टरचं विजेतेपद काढून घेतलं, अंतिम सामन्यात हरलेल्या शाळेला दिलं. पर्मियनचं काय? पुढच्याच वर्षी, १९८९ साली, पर्मियन एकही सामना न हरता राज्यात पहिला आला. ज्या मुलांवर गावानं आशा लावली होती त्यांतली बरीचशी तोवर शाळेतून बाहेर पडली होती.

बघा मैत्रिणींनो. मासिकं, आकडे, जाणती माणसं सगळं होतं. आणि ठरलं कशावर? गवतात अडकलेल्या बुटावर, एका गुणावर, हवेत उडवलेल्या नाण्यावर आणि बीजगणिताच्या गुणांवर.

म्हणून अंदाज बांधूच नये, असं आम्ही म्हणत नाही. त्यात मजा असते. आम्हीसुद्धा तालुक्याच्या सामन्यांना गेलो की चढाई बघून सांगतो, ही शाळा मारणार. सामन्याचा अंदाज चुकला तर काही बिघडत नाही, चहा पिऊन घरी यायचं. पण सामन्यावरून गाडी पोरावर घसरते तेव्हा बिघडतं. ‘हाच आपल्या गावाचं नाव काढणार.’ ‘हिला नव्वद टक्के पडणारच.’ ‘भरतीत याचा नंबर ठरलेलाच.’ बोलताना कौतुकच असतं. पण ऐकणारं पोर ते ओझ्यासारखं उचलतं. मग पाय घसरला, पेपर अवघड गेला, दोन सेकंद कमी पडले, की ते घरी यायला घाबरतं. आपण त्याच्या अंगणात पाटी ठोकत नाही, खरं आहे. पण ‘तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती’ असं म्हणतो. ती पाटीच की!

बूबीकडे पळण्याखेरीज काहीच नव्हतं, असं आम्हाला वाटत नाही. त्याच्याकडे आणखी काय आहे, हे बघायला कुणी थांबलं नाही. गुडघा गेला तेव्हा त्याच्यापाशी चांगले पाय नव्हते आणि शाळेनं दिलेलं पुरेसं शिक्षणही नव्हतं. पोरगी धावते, तिला धावू द्या, चांगले बूट घेऊन द्या. त्याचबरोबर तिची गणिताची वहीही उघडून बघा. आपल्याला येत नसेल तर ज्याला येतं त्याच्याकडे तिला बसवा.

गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की दहा मिनिटं यावर बोला. आपल्या घरातल्या कोणत्या पोरावर आपण भाकीत करून ठेवलंय? ते चुकलं तर त्या दिवशी आपण त्याला पहिलं वाक्य काय म्हणणार? ते वाक्य आजच ठरवून ठेवा. आम्ही आमचं ठरवलंय, ‘आलास? हातपाय धू, जेवायला बस.’

कोण जिंकणार ते नाण्यावरही ठरू शकतं. हरलेल्याला ताट कोण वाढणार, ते मात्र आपल्या हातात आहे. चला, पुन्हा भेटू. नमस्कार.